नव्वद लाखांच्या भाषेतलं गाणं

स्वीडिशमध्ये 'साकेर मान सेर' म्हणजे 'माणसाला दिसतात त्या गोष्टी'. यातला 'मान' मोठा सोयीचा शब्द आहे. तो मी नाही, तू नाही, तीही नाही. मराठीत 'आपण बघतो ना असं कधी कधी' म्हणताना तो 'आपण' जसा कुणाच्याच अंगाला चिकटत नाही, तसाच हा. केंट या बँडने १९९७ साली 'ईसोला' या अल्बमवर या नावाचं गाणं केलं. पुढच्या वर्षी त्याच अल्बमची इंग्रजी आवृत्ती आली, आणि तिथे या गाण्याचं नाव झालं 'थिंग्ज शी सेड', म्हणजे 'ती म्हणाली त्या गोष्टी'. बघण्याचं बोलणं झालं. कुणाचाच नसलेला डोळा गेला आणि त्याच्या जागी एक 'ती' येऊन बसली. शिल्लक राहिला तो 'स'चा सळसळता उच्चार, जेमतेम.

ही भाषांतराची चूक नाही. गाण्याच्या चालीत बसवायला घेतल्यावर असंच होतं, आणि करणाऱ्याला ते होताना दिसत असतं. केंटच्या सव्वीस वर्षांच्या वाटचालीत मला सगळ्यात जास्त रस आहे तो या दोन-तीन वर्षांच्या इंग्रजी प्रकरणात. ते फसलं, आणि त्यानंतर हा बँड खऱ्या अर्थाने मोठा झाला.

आधी माणसं. योआकिम बेर्य गायचा आणि बहुतेक सगळं लिहायचा. आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत 'जी' आहे, पण उच्चार 'य' होतो. 'बर्ग' म्हटलंत तर स्वीडिश माणूस हसून सोडून देईल. मार्टिन शॉल्ड बेसवर, सामी सिर्विओ गिटारवर, मार्कुस मुस्तोनेन ड्रम्सवर, आणि २००७पर्यंत दुसऱ्या गिटारवर हार्री मॅन्टी. यातली शेवटची तीन नावं फिनिश आहेत. १९५४मध्ये नॉर्डिक देशांनी कामगारांसाठी सीमा मोकळ्या केल्या आणि फिनलंडमधली हजारो कुटुंबं स्वीडनच्या कारखान्यांत आली. एस्किल्स्तूना हे असंच कारखान्यांचं गाव, स्टॉकहोमच्या पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. सुऱ्या, कात्र्या, कुलपं, पोलादाचा सगळा बारीकसारीक माल. त्याला स्वीडनचं शेफील्ड म्हणत. केंटच्या गाण्यांत जी एक राखाडी, ओली, बसथांब्यावर उभी असलेली उदासी आहे, ती या गावची. १९९९च्या अल्बमचं 'हाग्नेस्ता हिल' हे नाव ऐकायला अमेरिकन वाटतं. तो एस्किल्स्तूनातल्या एका वस्तीचा पत्ता आहे.

बँड १९९०चा. आधीचं नाव 'जोन्स आणि विष', मग 'समुद्रदूत', आणि मग एकदम 'केंट'. केंट हे स्वीडनमध्ये मागच्या पिढीतल्या पुरुषाचं साधंसुधं नाव आहे. आपल्याकडे एखाद्या रॉक बँडने स्वतःला 'प्रकाश' म्हणवून घ्यावं, तसं काहीसं. तेही लिहायचं लहान अक्षरात.

स्वीडनच्या छोट्या गावांतून इतके बँड कसे निघतात, याचं उत्तर लोक थंडीत शोधतात. थंडी फिनलंडमध्येही आहे आणि सैबेरियातही. जास्त खरं उत्तर कंटाळवाणं आहे: गावोगावच्या नगरपालिकेची संगीतशाळा, आणि अभ्यासमंडळांची सरकारी योजना. किमान तीन जण (प्रमुख धरून), किमान तीन बैठका, मिळून किमान नऊ तास, आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा. एवढं भरलं की पोरांचा गॅरेज बँड कागदोपत्री 'अभ्यासमंडळ' होतो. प्रौढ शिक्षण चालवणारी संस्था मग तालमीची खोली, अॅम्प्लिफायर, ड्रम किट यांचा भार उचलते. मोबदल्यात हजेरीपट भरायचा. योजना बिघडते तीही इथेच: खोली दोन तास वापरून हजेरी चार तासांची लावली जाते, किंवा ड्रमर सोडून गेल्यावरही त्याचं नाव पटावर राहतं. पण पंधरा वर्षांच्या पोराला तालमीसाठी गरम खोली मिळते, हे मात्र खरं. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मंडपामागे ढोलपथकाला जशी जागा मिळते, त्याची ही हजेरीपटवाली आवृत्ती म्हणा हवं तर.

पहिला अल्बम 'केंट' १९९५चा, दुसरा 'वेर्क्लिगेन' १९९६चा. दोन्ही गिटारचे, खरखरीत, घाईतले. चांगले आहेत, पण त्यावर फार थांबत नाही. थांबायचं ते 'ईसोला'वर.

'ईसोला' नोव्हेंबर १९९७मध्ये आला. त्याच वर्षी उन्हाळ्यात रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा 'ओके कंप्युटर' आलेला. त्यामुळे 'स्वीडनचे रेडिओहेड' हे लेबल चिकटलं ते कायमचं. लेबल अर्धं बरोबर आहे. गिटारचा तो पसरलेला, ओला आवाज सारखा आहे. पण रेडिओहेडला यंत्रांची भीती वाटते, केंटला माणसांची. अल्बमचं शेवटचं गाणं '७४७', लांबी सात मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. नाव आणि लांबी जुळवून आणण्याचा पोरकटपणा त्यांनी केला आणि तो शोभला. गाण्याच्या उत्तरार्धात बेर्यचा आवाज थांबतो आणि उरतात वाद्यं. एकच नक्षी फिरत राहते, तिच्यावर थर चढत जातात. बरीच वर्षं त्यांचा कार्यक्रम याच गाण्यावर संपायचा.

अशी गाणी वाजवायला घेणाऱ्या होतकरू बँडची गाडी बहुधा एकाच जागी अडते: डिलेवर. डिले म्हणजे वाजवलेल्या सुराचा ठरावीक वेळाने परत येणारा पडसाद. तो तालात बसला तर एक गिटार तीन गिटारींसारखी ऐकू येते. हिशेब सोपा आहे. ६०,००० भागिले मिनिटाला पडणारे ठोके, म्हणजे एका ठोक्याला किती मिलिसेकंद ते मिळतं. लय १२०ची असेल तर ५००. पण पडसाद बरोबर ठोक्यावर पडला तर तो मूळ सुराखाली गाडला जातो. म्हणून तो पाऊण ठोक्यावर ठेवतात: ३७५ मिलिसेकंद. आता ड्रमर रंगात आला आणि लय १२४ला गेली, तर पाऊण ठोका होतो ३६३. डिलेचं पेडल मात्र ३७५वरच अडून बसलेलं. पहिल्या पडसादात १२ मिलिसेकंदांचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. चौथ्या पडसादापर्यंत तो ४८ होतो आणि सगळं चिखल झाल्यासारखं वाटायला लागतं. मग गिटारवाला आवाज वाढवतो, चिखलही वाढतो. उपाय दोनच. ड्रमरच्या कानात ठोक्याचा टिकटिकाट द्यायचा, नाहीतर पडसाद दोनवर थांबवायचे. दुसरी गोष्ट, दोन्ही गिटारवाल्यांनी एकदम डिले लावायचा नाही. एकाने कोरडं वाजवायचं. वर चमकणारी सिर्विओची ओळ सुटी ऐकू येते, याचं अर्धं श्रेय खाली गुपचूप कॉर्ड धरून बसलेल्या दुसऱ्या गिटारीला आहे. आणि बेस नुसता मूळ सुरावर ठोकत बसला तरी बेत फसतो. शॉल्डचा बेस बऱ्याचदा स्वतःची चाल घेऊन चालतो.

तर इंग्रजी. 'ईसोला' १९९८मध्ये आणि 'हाग्नेस्ता हिल' २०००मध्ये इंग्रजीत निघाले. असं करताना साधारणपणे वाद्यांचं ध्वनिमुद्रण तसंच ठेवतात, शब्द नवे लिहितात, मुख्य आवाज आणि मागचे सूर पुन्हा गाऊन घेतात आणि मिश्रण नव्याने करतात. ऐकायला काटकसरीचं काम वाटतं. गोची अशी की चाल, तालाचे आघात, गिटारीने सोडलेल्या मोकळ्या जागा, सगळं जुन्या शब्दांच्या मापाने कापलेलं असतं. नव्या शब्दांना दुसऱ्याचा सदरा घालावा लागतो.

एक उदाहरण जवळून बघू. 'ईसोला'वरचंच 'इन्नान आल्तिंग तार स्लूट', म्हणजे 'सगळं संपण्याआधी'. सहा अवयव (म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे), आणि पहिल्याच अवयवावर आघात: इन्-नान, आल्-तिंग. वाक्य थेट समेवर उतरतं. इंग्रजी नाव 'बिफोर इट ऑल एंड्स'. अवयव पाच, आणि आघात दुसऱ्यावर: बि-फोर. म्हणजे समेच्या आधी एक अक्षर उचलून घ्यावं लागतं. अर्थ अगदी तोच, शब्दाला शब्द. पण एक वाक्य पाय आपटत येतं आणि दुसरं उंबऱ्यावर अडखळून. ज्याला लघु-गुरूचा थोडाही कान आहे त्याला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे परभाषेतून चालीबरहुकूम मराठीत उतरवलेली जाहिरातगीतं ऐकली की 'तुमच्या'चा 'च्या' भलत्याच ठिकाणी लांबलेला ऐकू येतो, तेच हे दुखणं.

स्वीडिशमधले दोन अवयवांचे बहुतेक रोजचे शब्द जोरात सुरू होतात आणि 'आ', 'ए', 'आर', 'एन' अशा मऊ शेपटीवर संपतात. यर्ता म्हणजे हृदय, स्मर्ता म्हणजे वेदना. बेर्यच्या गाण्याची ढब या शेपटीवर उभी आहे: पहिलं अक्षर दाबून म्हणायचं आणि दुसरं हवेत सोडून द्यायचं, उसासा टाकल्यासारखं. इंग्रजीत 'हार्ट' आणि 'पेन' म्हटलं की तोंड बंद. उसासा टाकायला जागाच नाही. मग गाणारा शब्दच ताणतो, नाहीतर भरीला काहीतरी घालतो. दोन्हीत बेर्य थोडा ताठ वाटतो. उच्चार स्वच्छ, व्याकरण चोख, आणि तरी दुसऱ्याच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसलेल्या पाहुण्यासारखा.

प्रत्येक गाण्याचं वाटोळं झालं असं नाही, हेही सांगायला हवं. 'ओम दू वार हेर' चार अवयवांचं, 'इफ यू वर हिअर'ही चार अवयवांचं, अर्थ दोन्हीकडे 'तू इथे असतीस तर'. दोन्ही भाषा एकाच जर्मॅनिक घराण्यातल्या असल्याचा फायदा इथे पुरेपूर मिळतो. 'केव्लारशेल', म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटच्या कापडाचा आत्मा, इंग्रजीत 'केव्लार सोल' म्हणून निभावतो. तिथेही एक बारीकसा तोटा आहेच. स्वीडिशमध्ये तो एकसंध जोडशब्द आहे, आत्माच केव्लारचा. इंग्रजीत विशेषण आणि नाम सुटे होऊन उभे राहतात. शिवाय 'शेल'मधला तो 'श' आपला 'श' नव्हे. 'श' आणि 'ख' यांच्या मधोमध, फुंकर मारल्यासारखा काढायचा तो आवाज आहे. माइकसमोर तो सुंदर लागतो. इंग्रजी 'स' त्याच जागी शिट्टी मारतो आणि मिश्रण करणाऱ्याला तो कापत बसावं लागतं.

अमेरिका-ब्रिटनमध्ये दौरे झाले, थोडं कौतुक झालं, फार काही घडलं नाही. २०००नंतर केंटने इंग्रजी अल्बम केला नाही.

आता यावर 'मातृभाषेचा विजय' असा फलक लावायचा मोह होईल, पण मधे एक गंमत आहे. २००१मध्ये तितियो या स्वीडिश गायिकेचं 'कम अलाँग' युरोपभर गाजलं. ते लिहिलं होतं दोघांनी: द कार्डिगन्स या दुसऱ्या स्वीडिश बँडचा पेटर स्वेनसन आणि योआकिम बेर्य. इंग्रजीत. म्हणजे बेर्यला इंग्रजी गाणं जमत नव्हतं असं अजिबात नाही. इंग्रजीसाठी म्हणून बांधलेल्या चालीवर, दुसरीच्या गळ्यात ते मस्त जमलं. त्याच्याच्याने होत नव्हतं ते फक्त आधी स्वीडिशमध्ये सांगून झालेलं पुन्हा सांगणं.

२००२ला आला 'वापेन ओ अम्युनिशून', शस्त्रं आणि दारूगोळा. दहा गाणी, आणि त्यांच्या सगळ्या अल्बमांत सर्वाधिक खपलेला. स्वीडनची लोकसंख्या तेव्हा नव्वद लाखांच्या अलीकडे, म्हणजे नुसत्या पुणे जिल्ह्याच्या आसपास. एवढ्या माणसांच्या भाषेत गाऊन बँड स्टेडियम भरायला लागला. त्यातही नॉर्वेच्या लोकांना स्वीडिश कळतं, आणि फिनलंडमध्ये स्वीडिश ही दुसरी राजभाषा, शाळेत सक्तीची. त्यामुळे शेजारची दोन घरंही पदरात पडली. या अल्बमवर 'स्वेरिये', म्हणजे 'स्वीडन', नावाचं एक शांत गाणं आहे. ऐकताना देशभक्तीपर वाटतं आणि दुसऱ्यांदा ऐकलं की तसं वाटेनासं होतं.

याच सुमाराला एका जुन्या सिंगलच्या मागच्या बाजूला पडून राहिलेलं 'ऊतान दीना आन्देताग' (तुझ्या श्वासांशिवाय) लोकांनी स्वतःच वर काढलं. अल्बमवर जागा न मिळालेलं हे गाणं त्यांच्या सर्वांत लाडक्या गाण्यांपैकी एक झालं. सात अवयव, त्यातले चार मोकळ्या 'आ'चे. इंग्रजीत 'विदाउट युअर ब्रेथ' म्हणून बघा, कापूस भरल्यासारखं वाटतं.

आणि २००५चा छोटा अल्बम: 'द यर्ता ओ स्मर्ता ईपी'. हृदय आणि वेदना हे स्वीडिशमधलं सगळ्यात झिजलेलं यमक आहे, आपल्याकडच्या 'प्रीत' आणि 'गीत'सारखं. ते उचलून थेट नावात ठेवायचं आणि पुढे इंग्रजी 'द' चिकटवायचा, हा विनोद स्वीडनबाहेर कुणालाच कळला नसता. त्यांना त्याची पर्वा उरली नव्हती, आणि तीच मला त्या नावातली खरी बातमी वाटते.

त्याच वर्षीचा 'दू ओ या दोदेन' हा माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम. शब्दशः 'तू आणि मी मृत्यू'. मधे स्वल्पविराम नाही, त्यामुळे मृत्यू तिसरा आहे की या दोघांचंच नाव आहे, ते तुम्ही ठरवायचं. त्यातला 'दू' म्हणजे 'तू'. स्वीडनने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आदरार्थी संबोधनं जवळजवळ मोडीत काढली, त्यामुळे हा 'तू' प्रेयसीलाही चालतो, देशालाही आणि मरणालाही. मराठीत आणताना 'तू' की 'तुम्ही' हा निर्णय घ्यावा लागतो आणि निर्णय घेतला की अर्धी मजा गेली. शेवटचं गाणं 'पांढऱ्या हॅटवाला माणूस', कंसात 'सोळा वर्षांनंतर'. गावातली पोरं, वाढलेली वयं, आणि शेवटी वाढत जाणाऱ्या सुरांत पुन्हा पुन्हा येणारं एकच साधं विधान की आपण सगळेच एक दिवस मरणार. '७४७'च्या जागी कार्यक्रमाचा शेवट म्हणून पुढे हेच आलं. कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडतोय आणि हजारो माणसं आनंदाने ओरडतायत की आपण मरणार. हे दृश्य युट्यूबवर जरूर बघा.

ते बघताना एक गोष्ट लक्षात येईल: मागची गर्दी मागे पडत असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात शंभर मीटर मागे उभ्या माणसाला मंचावरचा सूर जवळपास तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि त्याचं गाणं परत मंचापर्यंत यायला तेवढाच वेळ पुन्हा. १२०च्या लयीत हा सव्वा ठोक्याच्या आसपासचा घोळ झाला. गायकाने गर्दीचं ऐकून गायचं ठरवलं तर गाणं दर ओळीला मंदावत जाईल. म्हणून कानात बंदिस्त मॉनिटर, म्हणजे बँडचाच आवाज थेट ऐकवणारं छोटं यंत्र, आणि नजर ड्रमरवर. लाखमोलाची दाद समोरून येत असते आणि ती न ऐकणं हे त्याचं काम असतं.

हार्री मॅन्टी २००७मध्ये बाहेर पडला आणि त्याच वर्षीच्या 'तिलबाका तिल साम्तीदेन'वर (परत वर्तमानकाळाकडे) सिंथेसायझर पुढे आले, गिटार मागे गेली. डेन्मार्कचा जॉन शूमान, म्हणजे जोशुआ, याने तो घडवला. जुने चाहते चिडले. मला हा बदल पटतो, पुढचे सगळे पटतात असं नाही. 'रोद' (२००९) आणि 'एन प्लात्स ई सूलेन' (२०१०) आठ-नऊ महिन्यांच्या अंतराने आले. दुसऱ्यात उरलंसुरलं वापरल्याचा वास येतो. २०१२चा अल्बम नीटस आहे, एवढंच.

मग २०१४चा 'टीगेर्द्रोत्निंगेन', वाघांची राणी. एप्रिलच्या शेवटी आला, सप्टेंबरमध्ये निवडणूक. त्यावरचं 'ला बेल एपोक' हे गाणं म्हणजे स्वतःच्या देशाला लावलेली सणसणीत चपराक. बारा वर्षांपूर्वीच्या 'स्वेरिये'मधला गुळगुळीत उपरोध इथे दात दाखवतो. ही दोन गाणी पाठोपाठ ऐकली तर मधल्या काळात स्वीडनमध्ये काय बदललं, ते वर्तमानपत्राशिवाय कळतं. आणि हे कुणालाही इंग्रजीत सांगायची गरज नव्हती. ज्यांना झोंबायला हवं होतं त्यांची भाषा तीच होती.

मार्च २०१६मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता थांबतोय. मे महिन्यात 'दो सोम नू फर आल्तीद' (तेव्हा, आता, कायम) हा अल्बम, त्यानंतर दौरा, आणि १७ डिसेंबर २०१६ला स्टॉकहोमच्या टेले-टू अरीनात निरोपाच्या दौऱ्याचा शेवट. अल्बमच्या अखेरच्या गाण्याचं नाव सरळ 'शेवटचं गाणं'.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात 'वापेन ओ अम्युनिशून'ने करावी, मग 'दू ओ या दोदेन', आणि तिसरा 'ईसोला'. '७४७' एकटं काढून पहिलं ऐकू नये. आधीची गाणी झाल्याशिवाय ते विमान जमिनीवरून उठत नाही. शब्द समोर ठेवून ऐकायचं असेल तर तीन अक्षरं घोटून घ्या. डोक्यावर गोळा असलेला रोमन 'ए' म्हणजे आपला 'ओ'. दोन टिंबांचा रोमन 'ए' म्हणजे 'बॅट'मधल्या 'अॅ'कडे झुकणारा आपला 'ए'. आणि दोन टिंबांचा रोमन 'ओ' मराठीत नाही: ओठ 'ओ'चे ठेवायचे आणि आतून आपला 'ए' म्हणायचा. 'रोद' आणि 'दोदेन' हे दोन्ही शब्द वर मी देवनागरीत चुकीचेच लिहिले आहेत, त्याला इलाज नाही. इंग्रजी 'ईसोला' सगळ्यात शेवटी लावा, आणि लावलाच तर तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा.